आल्बनीचा न्यायाधीश

न्यूयॉर्क शहरांत ‘सुप्रीम कोर्ट’ अशी पाटी असलेल्या इमारतींत एखादा परका मनुष्य शिरला, तर त्याची सहज अशी समजूत होते कीं, सर्वांत वरिष्ठ न्यायासन तें हेंच. ही समजूत चुकीची आहे. न्यूयॉर्क संस्थानांत सुप्रीम कोर्ट म्हणजे साक्षीपुरावा घेऊन दावा प्रथम ऐकणारें कोर्ट. त्याच्यावर अपिलांचा विभाग, आणि त्याहिवर, हडसन नदीच्या कांठीं आल्बनी या राजधानीच्या गांवीं बसणारें सात न्यायाधीशांचें ‘कोर्ट ऑफ अपील्स’. नांवांचा हा उलटा थाट इतिहासानें ठेवून दिलेला आहे, आणि तिकडील लोकांना त्याचें कांहीं वाटेनासें झालें आहे.

‘संस्थान’ हा शब्द येथें जुन्या प्रघातास अनुसरून योजिला आहे. त्यांत राजा नाहीं कीं दिवाण नाहीं. अमेरिकेच्या पन्नास घटक राज्यांपैकीं तें एक. प्रत्येकास स्वतःचें विधिमंडळ, स्वतःचा गव्हर्नर आणि स्वतःचीं न्यायालयें आहेत. वॉशिंग्टन येथील राष्ट्राच्या सुप्रीम कोर्टाचें नांव वृत्तपत्रांतून सर्वांच्या कानांवर येतें. परंतु घर बांधणाऱ्या कंत्राटदाराशीं झालेला तंटा, मोटारीचा अपघात, भागीदारानें केलेला दगा, अशा ज्या कज्ज्यांची झळ संसारी मनुष्याला लागते, ते बहुतेक सारे संस्थानच्या कायद्याखालीं येतात. त्या कायद्याचा अर्थ काय, याविषयीं संस्थानच्या वरिष्ठ कोर्टाचा शब्द शेवटचा. शिवाय या कायद्याचा मोठा भाग कोणत्याहि विधिमंडळानें मंजूर केलेला नाहीं. इंग्लंडांतून आलेल्या परंपरेप्रमाणें तो मागील निवाड्यांतून सांठत आलेला आहे. म्हणून असा न्यायाधीश निकालपत्र लिहितो, तेव्हां एका वादाचा निर्णय देतां देतां तो पुढील वादांसाठीं कायदाहि घडवीत असतो. हें काम कसें चालतें, आणि त्यांत मनुष्याच्या हातून काय साधतें व काय निसटतें, हें बेंजामिन नेथन कार्डोझो यांच्या चरित्रांत फार स्पष्ट दिसतें.

कार्डोझो यांचा जन्म २४ मे १८७० रोजीं न्यूयॉर्क येथें झाला. घराणें स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्या यहुद्यांचें. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धापूर्वींच तें त्या देशांत स्थायिक झालेलें. वडील आल्बर्ट कार्डोझो हे न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टाचे, म्हणजे वर सांगितलेल्या खालच्या कोर्टाचे, न्यायाधीश होते. त्या काळीं न्यूयॉर्क शहर ‘टॅमनी हॉल’ नांवाच्या राजकीय कंपूच्या आणि त्याचा म्होरक्या विल्यम ट्वीड याच्या मुठींत होतें. शहरांतील वकिलांनीं १८७० सालींच आपली एक संघटना स्थापन केली, आणि तिनें कांहीं न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी विधिमंडळाकडे मागितली. आल्बर्ट कार्डोझो यांच्यावर आरोप असा कीं, ईरी रेल्वेच्या भानगडींत त्यांनीं पक्षपात केला आणि कोर्टाच्या हातचीं किफायतीचीं कामें आप्तांना व कंपूंतील मंडळींना वांटलीं. बरोबरचे दोन न्यायाधीश पदच्युत झाले. आल्बर्ट यांनीं तशी वेळ येण्यापूर्वींच, १८७२ सालीं, राजीनामा दिला. वकिलीची सनद शाबूत राहिली, घरीं अन्नाला तोटा पडला नाहीं. पण नांव गेलें. त्या वेळीं बेंजामिन जेमतेम दोन वर्षांचे होते.

आई १८७९ सालीं वारली, वडील १८८५ सालीं. मुलाचा सांभाळ नेली या वडील बहिणीनें केला. शिकवणीस जे गृहस्थ येत ते होरेशियो ॲल्जर, गरीब मुलें कष्टानें वर येतात अशा गोष्टी लिहून अमेरिकेंत घरोघर माहीत झालेले लेखक. शिष्य पंधराव्या वर्षीं कोलंबिया कॉलेजांत दाखल झाला, १८८९ सालीं पदवीधर झाला, आणि कायद्याचा अभ्यासक्रम पुरा न करतांच १८९१ सालीं वकिलींत शिरला. पदवी नसलेला हा वकील पुढें कायद्याच्या पदवीधरांचा पाठ्यविषय होऊन बसला, हें शाळामास्तरांनीं वर्गांत फारसें न सांगितलेलें बरें!

बावीस वर्षें त्यांनीं वकिली केली. साक्षीदाराला घोळांत घेणारे, ज्यूरीला हंसविणारे व रडविणारे ते वकील नव्हते. त्यांचें क्षेत्र अपिलाचें. अपिलांत साक्षीदार येत नाहीं, ज्यूरीहि बसत नाहीं. खालच्या कोर्टांत घडलेल्या गोष्टींची छापील नोंद पुढें असते, आणि प्रश्न एकच असतो कीं, त्या गोष्टींना लागू केलेला कायदा बरोबर होता काय? इतर वकील आपल्या अवघड अपिलांचीं टिपणें त्यांच्याकडे आणीत. १९०३ सालीं त्यांनीं कोर्ट ऑफ अपील्सच्या अधिकारक्षेत्रावर एक ग्रंथ लिहिला. विषय असा रुक्ष कीं, वकिलाशिवाय कोणी तो उघडणार नाहीं. परंतु ज्या कोर्टांत पुढें बसावयाचें, त्याच्या उंबरठ्यापासून माळ्यापर्यंतची माहिती त्यांना आधींच होती, असा त्याचा अर्थ.

१९१३ सालीं टॅमनीविरुद्ध एकत्र आलेल्या पक्षांनीं त्यांना न्यायाधीशाच्या निवडणुकीस उभें केलें. ज्या जागेवरून वडिलांना उतरावें लागलें, तसल्याच जागेसाठीं मुलगा उभा राहिला, आणि तोहि वडिलांच्या कंपूच्या विरुद्ध. थोड्या मतांनीं ते निवडून आले. न्यायाधीशानें मतें मागत फिरावें ही रीत आपल्याकडील वाचकांस चमत्कारिक वाटेल, आणि ती आहेहि तशीच. न्यूयॉर्कनें कोर्ट ऑफ अपील्सपुरती ती १९७७ सालीं घटनादुरुस्तीनें सोडून दिली. आतां एक मंडळ नांवें सुचवितें, त्यांतून गव्हर्नर निवड करतो आणि संस्थानचें सिनेट तिला संमति देतें. मुदत मात्र पूर्वींप्रमाणेंच चौदा वर्षांची. तरीहि त्या सदोष रीतीनें कार्डोझो यांच्यासारखा मनुष्य बाकावर आणला, हेंहि नमूद केलें पाहिजे. जानेवारी १९१४ मध्यें त्यांनीं जागा घेतली, आणि पुढल्याच महिन्यांत, वरिष्ठ कोर्टावर कामाचा बोजा वाढल्यामुळें, गव्हर्नरांनीं त्यांची आल्बनीस नेमणूक केली. १९१७ सालीं ते तेथें रीतसर निवडून आले. १ जानेवारी १९२७ पासून ते मुख्य न्यायाधीश झाले. त्या खेपेस दोन्हीं मोठ्या पक्षांनीं त्यांचेंच नांव दिलें होतें.

आल्बनीस जाऊन दोनच वर्षें झालीं असतां मोटारीच्या चाकाचा तो प्रसिद्ध खटला आला. मॅकफर्सन नांवाच्या एका पाथरवटानें एका विक्रेत्याकडून ब्यूइक कंपनीची मोटार घेतली. चाकाचे लांकडी आरे मोडून तें कोसळलें, आणि तो बाहेर फेंकला जाऊन जखमी झाला. चाक कंपनीनें स्वतः केलेलें नव्हतें. दुसऱ्या कारखान्याकडून विकत घेतलें होतें. मात्र वाजवी तपासणी केली असती, तर लांकडाचा दोष उघडकीस आला असता.

दावा लावावयाचा कोणावर? जुना नियम असा कीं, ज्याच्याशीं करार, त्याच्यावरच दावा. मॅकफर्सनचा करार विक्रेत्याशीं. कंपनीशीं त्याचा कागदोपत्रीं कांहींच संबंध नाहीं. १८४२ सालीं इंग्लंडांत टपालगाडी मोडून तिचा हांक्या जखमी झाला, तेव्हां तेथील न्यायाधीशांनीं हेंच सांगितलें होतें: गाडी दुरुस्त ठेवण्याचा करार सरकारशीं होता, हांक्याशीं नव्हता, म्हणून त्याला दाद नाहीं. या नियमाला न्यूयॉर्कमध्यें एक फट होती. १८५२ सालीं एका औषधविक्याच्या चुकीनें विषाच्या बरणीवर निरुपद्रवी औषधाची चिठ्ठी लागली. ती बरणी अनेक हातांतून फिरून एका बाईपर्यंत पोंचली. तेथें न्यायालयानें म्हटलें कीं, विषासारखी जात्याच घातक वस्तु असेल, तर करार नसतांहि करणारा जबाबदार. पुढें १८८२ सालीं रंगाऱ्यासाठीं बांधलेल्या उंच परांचीच्या बाबतींत तसेंच ठरलें, आणि १९०९ सालीं उपाहारगृहांत फुटलेल्या कॉफीच्या पात्राच्या बाबतींतहि.

१४ मार्च १९१६ रोजीं कार्डोझो यांनीं हे सारे जुने निवाडे एका ओळींत मांडले आणि विचारलें कीं, यांतून काय निघतें? परांची हें विष नव्हे. कॉफीचें पात्रहि नव्हे. मग विष ही जात महत्त्वाची नसून धोका महत्त्वाचा. जी वस्तु निष्काळजीपणानें केली असतां मनुष्याच्या जिवावर बेतेल, आणि जी विकत घेणाऱ्याखेरीज इतरांच्या वापरांत तपासणीशिवाय जाणार हें करणाऱ्यास माहीत आहे, ती काळजीपूर्वक करणें हें त्याचें कर्तव्य होय. करार असो वा नसो. विक्रेता तर मोटारींत बसण्यासाठीं ती घेतच नाहीं. आणि जुना नियम नेमका त्यालाच संरक्षण देऊन, जो बसतो त्याला उघड्यावर टाकीत होता. डाकेच्या घोडागाडीच्या दिवसांतील दाखले आजच्या प्रवासाला पुरे पडत नाहींत, असें त्यांनीं साफ बजावलें. मुख्य न्यायाधीश विलर्ड बार्टलेट यांनीं विरुद्ध मत लिहिलें. जुन्या निवाड्यांच्या शब्दांवर बोट ठेवून पाहिलें, तर त्यांचें म्हणणें वावगें नव्हतें. ‘जुना नियम मीं मोडला’ असें कार्डोझो कोठेंहि म्हणत नाहींत. नवा नियम जुन्यांत आधींपासूनच होता, तो केवळ वाचावयाचा राहिला होता, अशा थाटांत ते लिहितात. यास कोणी चातुर्य म्हणेल, कोणी चलाखी. मात्र यानंतर एकामागून एक संस्थानांच्या न्यायालयांनीं हाच मार्ग धरला.

१९२१ सालचा नळांचा खटला घर बांधलेल्या प्रत्येकानें वाचावा असा आहे. सत्याहत्तर हजार डॉलरांहून अधिक खर्चाचें एक घर. करारांत लिहिलेलें कीं, पाण्याचे नळ अमुक एका कारखान्याचेच असावेत. घर पुरें झालें, मालक राहावयास गेला, आणि पुढें लक्षांत आलें कीं, कांहीं नळ दुसऱ्या कारखान्यांचे आहेत. नळ तितकेच चांगले, चूक अनवधानाची. मालकानें उरलेले ३,४८३ डॉलर व ४६ सेंट देण्याचें नाकारलें, आणि त्याच्या वास्तुशिल्पज्ञानें नळ बदलण्याचा हुकूम सोडला. परंतु नळ भिंतींच्या आंत गेलेले. ते बदलणें म्हणजे घराचा बराच भाग पाडणें. कार्डोझो यांनीं बहुमताच्या वतीनें ठरविलें कीं, मुद्दाम केलेल्या लबाडीला माफी नाहीं, परंतु क्षुल्लक व निर्हेतुक चुकीची भरपाई तिनें किंमतींत जो फरक पडला तेवढीच; आणि येथें तो जवळजवळ शून्य. उलट मताचें म्हणणें असें कीं, मालकानें ज्याचे पैसे कबूल केले तेंच त्याला मिळालें पाहिजे, मग त्याचा हट्ट कसाहि असो. या पक्षाला तीन न्यायाधीश होते, तिकडे चार. एका मताचा हा फरक त्यांच्या निकालपत्रांत वारंवार आढळतो.

त्याच वर्षीं हार्लेम नदींत बुडून मेलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचा खटला त्यांच्यापुढें आला. नदी पोहून जाऊन मुलें रेल्वे कंपनीच्या कांठावरून पुढें आलेल्या एका फळीवरून उड्या मारीत. फळीचें एक टोंक कंपनीच्या जमिनींत पक्कें केलेलें, दुसरें सार्वजनिक पाण्यावर. मुलगा उडी घेण्याच्या बेतांत असतां कंपनीचा खांब कोसळला, विजेच्या तारा त्याच्या अंगावर आल्या, आणि तो नदींत फेंकला गेला. खालच्या कोर्टांनीं आईचा दावा फेंटाळला: फळी जमिनीला जोडलेली, म्हणून जमिनीचाच भाग, मुलगा परक्याच्या जमिनीवर विनापरवाना आलेला, त्याच्याबाबत काळजी घेण्याचें बंधन कंपनीवर नाहीं. कार्डोझो यांनीं दाखविलें कीं, तोच मुलगा फळीखालीं पाण्यांत असता तर कंपनी जबाबदार ठरली असती. मग दोन हात उंचीवर तो उभा होता एवढ्यानें त्याचा जीव स्वस्त कसा झाला? व्याख्येचें टोंक तुटेपर्यंत ओढलें म्हणजे तर्क न्यायाला कोठें नेऊन सोडतो, हें यांत दिसतें. हा निकालहि चार विरुद्ध तीन.

१९२८ सालीं दोन निकाल आले, आणि ते शेजारीं ठेवून वाचावेत. पहिल्यांत मॅनहॅटनमधील एका हॉटेलाचा वीस वर्षांचा भाडेपट्टा दोघांच्या पैशावर चाललेला. कारभार सॅमन पाही, मायनहार्डनें पैसा घातलेला. मुदत संपण्यास थोडे महिने उरले असतां जागेच्या मालकानें सॅमनपुढें नवा, फार मोठा पट्टा ठेवला. सॅमननें तो गुपचूप आपल्या कंपनीच्या नांवें घेतला. जुना पट्टा संपतच आला होता, मग नव्यावर भागीदाराचा हक्क कोणता, असा त्याचा बचाव. कार्डोझो यांनीं तो मानला नाहीं. ज्याच्यावर विश्वास टाकला, त्यानें बाजारांतल्या सौदेगिराप्रमाणें केवळ प्रामाणिक असून भागत नाहीं. संधि आली हें सांगण्याचें बंधन त्याच्यावर आहे. विश्वासाला येथें त्यांनीं जो उंच मापदंड लावला, तो आजतागायत भागीदारांच्या आणि विश्वस्तांच्या खटल्यांत उद्धृत होतो. वडिलांच्या गेलेल्या नांवाशीं या कठोरपणाचा संबंध असावा, असें अनेकांना वाटत आलें आहे. पुरावा देतां येणार नाहीं. पण त्या घरांत वाढलेल्या मनुष्याला विश्वासघात हा शब्द केवळ कायद्याचा वाटत असेल, हें संभवत नाहीं.

दुसरा निकाल हेलन पाल्सग्राफ या बाईंचा. २४ ऑगस्ट १९२४ रोजीं त्या दोन मुलींसह समुद्रकिनाऱ्यावर जाण्यासाठीं ब्रुकलिनच्या स्टेशनांत उभ्या होत्या. दुसरी गाडी सुटत असतां एक उतारू पळत आला; रेल्वेच्या नोकरांनीं त्याला वर ओढून व मागून लोटून चढविलें. त्या गडबडींत त्याच्या बगलेंतील वर्तमानपत्रांत गुंडाळलेलें पुडकें रुळांवर पडलें. त्यांत शोभेची दारू होती, हें कोणालाच ठाऊक नव्हतें. स्फोट झाला, आणि फलाटाच्या दुसऱ्या टोंकाचा वजनकांटा कोसळून बाईंना लागला. ज्यूरीनें सहा हजार डॉलर दिले. अपिलाच्या विभागानें ते कायम केले. आल्बनीस चार विरुद्ध तीन मतांनीं निकाल फिरला. कार्डोझो यांनीं लिहिलें कीं, नोकरांची हयगय झाली असेल तर ती पुडक्याच्या धन्याबाबत. दूर उभ्या असलेल्या बाईंना धोका आहे हें कोणाहि शहाण्या मनुष्याला दिसण्यासारखें नव्हतें, आणि जो धोका दिसण्यासारखा नाहीं तेथें कर्तव्य उत्पन्न होत नाहीं. विल्यम अँड्रूज यांचें विरुद्ध मत असें कीं, हयगय न करण्याचें कर्तव्य साऱ्या जगाविषयीं असतें. परिणाम कोठवर मोजावयाचा, हा व्यवहाराचा प्रश्न.

तर्काच्या दृष्टीनें कार्डोझो यांचें निकालपत्र घोटीव आहे, आणि कायद्याच्या शाळांतून तें आजहि शिकविलें जातें. परंतु त्यांत पाल्सग्राफबाई कोण, काय काम करीत, किती जखमी झाल्या, यांतलें जवळजवळ कांहींच नाहीं. आणि शेवटीं सर्व कोर्टांचा खर्चहि त्यांच्यावरच बसविला. पुढें न्यायाधीश झालेले कायदेपंडित जॉन नूनन यांनीं १९७६ सालीं नेमका यावरच आक्षेप घेतला. आक्षेप खरा आहे. नदींतल्या मुलाच्या वेळीं ज्यांनीं व्याख्येपलीकडचा जीव पाहिला, त्यांना सात वर्षांनीं फलाटावरची बाई दिसूं नये, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनाहि समजावून देतां आलेली नाहीं.

आपण हें काम कसें करतों, हें त्यांनीं १९२१ सालीं येल विद्यापीठांतील व्याख्यानांत सांगितलें होतें. तीं व्याख्यानें ‘दि नेचर ऑफ दि ज्युडिशियल प्रोसेस’ या नांवानें छापलीं गेलीं. न्यायाधीश कायदा केवळ शोधून काढतो, घडवीत नाहीं, ही समजूत त्यांनीं तेथें बाजूस सारली. बहुतेक खटल्यांत मार्ग आंखलेलाच असतो. थोड्या खटल्यांत तो नसतो, आणि तेथें तर्क, इतिहास, रूढि व समाजाचें हित या चारींतून निवड करावी लागते. निवड करणाऱ्याच्या मनांत त्याला स्वतःलाहि न कळणारे कल असतात, हेंहि त्यांनीं कबूल केलें. बसत्या न्यायाधीशानें हें उघड बोलावें, याचें त्या काळीं फार आश्चर्य वाटलें.

त्यांनीं लग्न केलें नाहीं. न्यूयॉर्कचें घर नेलीबरोबर होतें. कोर्टाच्या बैठकींपुरते ते आल्बनीस जात. १९२९ सालीं ती वारली. जानेवारी १९३२ मध्यें नव्वद वर्षांचे न्यायमूर्ति होम्स वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टांतून निवृत्त झाले, आणि अध्यक्ष हूव्हर यांनीं कार्डोझो यांचें नांव सुचविलें. न्यूयॉर्कचे दोन न्यायाधीश तेथें आधींच होते, यहुदी न्यायाधीशहि एक होता. तरी २४ फेब्रुवारी रोजीं सिनेटनें एकमतानें संमति दिली. मान मोठा, पण त्यांचें मन आल्बनींतच राहिलें. वॉशिंग्टनमध्यें सहा वर्षें काम करून ९ जुलै १९३८ रोजीं ते वारले.

ज्या वर्षीं त्यांनीं आल्बनी सोडली, त्याच वर्षीं मे महिन्यांत लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सनें स्कॉटलंडच्या एका गरीब बाईच्या दाव्याचा निकाल दिला. मैत्रिणीनें तिच्यासाठीं विकत घेतलेल्या जिंजर बियरच्या बाटलींत कुजलेली गोगलगाय निघाल्याची तिची तक्रार होती. बाटली तिनें घेतलेली नव्हती. करार तिचा कोणाशींच नव्हता. लॉर्ड ॲटकिन यांनीं बहुमताच्या बाजूनें निर्णय देतांना मोटारीच्या चाकाच्या निकालाचा नांवानिशीं आधार घेतला, आणि करणारा वापरणाऱ्याला जबाबदार आहे, हें इंग्रजी कायद्यांतहि बसलें. त्याच वाटेनें तें भारतीय न्यायालयांत आलें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत तर उत्पादकाच्या दायित्वाला स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. सदोष वस्तूनें इजा झालेल्या मनुष्यानें ती कोणाकडून घेतली, एवढ्यावर आतां त्याची दाद अडत नाहीं.